कानात औषध असेपर्यंत

वनमालाबाईंचा उजवा कान सुजला तो केसांतल्या आकड्यामुळे, हे डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं. बाईंनी आधी साफ नाकारलं, मग ‘कधीतरी खाजवते, थोडंसंच’ इथवर खाली आल्या. कानाच्या नळीत जंतुसंसर्ग होऊन ती सुजेने बुजत आली होती आणि त्या बाजूने ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. पडदा शाबूत होता, एवढं नशीब. डॉक्टरांनी कान साफ केला, अँटिबायोटिक थेंबांची बाटली लिहून दिली आणि लसणाचं तेल घालायचं नाही अशी तंबी दिली. ते आधीच घालून झालं होतं, हे बाईंनी सांगितलं नाही.

आता कानात थेंब घालणं ही काही मोठी विद्या नाही. पण ते स्वतःच्याच कानात घालून बघावेत म्हणजे कळतं. वनमालाबाईंनी आरशासमोर उभं राहून पाहिलं, पलंगावर आडवं होऊन पाहिलं. औषध मानेवर गेलं, उशीवर गेलं, एकदा तर ब्लाउजमध्ये गेलं. मुलगा हर्षद पुण्याला, घरात दुसरं माणूस नाही. बाटली अर्धी झाली आणि कानातला ठणका होता तिथेच होता. पुन्हा दाखवायला गेल्या तेव्हा डॉक्टर वैतागल्या.

“आजी, औषध कानात जायला हवं. उशीला काही झालेलं नाही. घालायला कोणी नाही का?”

“आहे ना. समोरच्या दारात जाऊ राहते माझी.”

तोंडून निघून गेलं खरं. जाऊ होती आणि समोरच राहत होती, पण तिच्याशी पाच वर्षं अबोला होता.

कांजूरमार्गची चाळ पाडून इमारत झाली तेव्हा दोघा भावांना एकाच मजल्यावर समोरासमोर घरं मिळाली. सगळे म्हणाले, भाग्य लागतं. मग वनमालाबाईंच्या यजमानांचं, जयवंतरावांचं, हृदयाचं दुखणं बळावलं. मीठ अगदी बंद. वनमालाबाई त्यांना अळणी पेज भरवायच्या. एक दिवस त्या देवळातून परतल्या तर नवऱ्याच्या उशाशी बांगड्याच्या तिखल्याची, माशाच्या झणझणीत कालवणाची, वाटी आणि शेजारी धाकटी जाऊ सुनंदा. दोन दिवसांनी जयवंतराव गेले. तेराव्याला भरल्या घरात वनमालाबाई म्हणाल्या, “हिने खाऊ घालून मारलं माझ्या माणसाला.” सुनंदाने उलटून एक शब्द काढला नाही. ती उठली आणि निघून गेली.

पुढे राग ओसरला, पण शब्द मागे घेणं काही जमेना. मागे घ्यायचा तर जयवंतरावांना कोणी मारलं नाही, ते आपले आपणच गेले, हे मान्य करावं लागलं असतं. कोणावर तरी चिडून असलं की तेवढंच बरं वाटतं.

असो. त्या दुपारी वनमालाबाईंनी समोरची बेल दाबली आणि बाटली पुढे केली.

“डॉक्टर म्हणतात, दुसऱ्याने घालायला पाहिजे.”

सुनंदाने आधी बाटली बघितली, मग कान बघितला. मग ती दिवाणावर बसली आणि मांडी थोपटली. वनमालाबाईंनी आडवं होऊन हुकूम सोडले. बाटली मुठीत धरून कोमट कर, गार औषधाने चक्कर येते. टोक कानाला लावू नकोस. कान वर आणि मागे ओढ. सुनंदाने कान जरा जास्तच ओढला, पण थेंब बरोबर आत गेले. मग पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. डावा, चांगला कान सुनंदाच्या मांडीत दाबलेला, उजव्यात औषध. सगळं जग गप्प झालं.

फक्त मांडी मधूनच हलत होती. सुनंदा स्तोत्र म्हणत असावी, असं बाईंना वाटलं.

असं सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. येताना बोलणं नाही, जाताना नाही. दोन-तीन दिवसांत ठणका गेला आणि सूज उतरू लागली. एकदा तशाच पडल्या असताना वनमालाबाईंना औषधाच्या पलीकडून कोणीतरी ‘लिफ्ट’ म्हणाल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी अख्खं वाक्य आलं. लिफ्ट बंद होती आणि सुनंदाचे गुडघे दुखत होते. स्तोत्र कसलं, ही बया बोलत होती! पाच वर्षांचं साठलेलं घडाघडा सांगत होती, ताईला ऐकू येत नाही या भरवशावर.

वनमालाबाई चाट पडल्या. एरवी दुखायचं थांबलं की त्यांचं औषध त्याच दिवशी कपाटात जायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं तरी दिलेले दिवस पुरे करायचे, पण असल्या सूचना त्या ऐकत नसत. या वेळी मात्र एकही वेळ चुकवली नाही. आपल्याबद्दल काय बोलते ते त्यांना ऐकायचं होतं.

शेवटच्या दिवशी ते आलं.

“भाऊजींनी हट्टच धरलेला गो, ताई. रोज आपलं, तिखलं दे, तिखलं दे. शेवटी केलं. पण मिठाचा कण नाही घातला, शपथ. तुझाच धाक होता ना! एक घास घेतला आणि वाटी सरकवली. मला म्हणाले—”

कुकरची शिट्टी झाली. सुनंदाने घड्याळ बघितलं, कापसाने कान पुसला आणि खांद्यावर थोपटून ऊठ म्हणून खूण केली. बाटलीही संपली होती.

वनमालाबाई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. विचारलं तर इतके दिवस चोरून ऐकलं हे उघड होणार. नाही विचारलं तर नवऱ्याचं ते वाक्य कायमचं या घरात राहणार. त्यांनी चपला सोडल्या आणि मागे वळल्या.

“काय म्हणाले ते?”

सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडला. “तुला ऐकू येतं?”

“येतं. काय म्हणाले, सांग.”

“म्हणाले, वनमालाच्या हातची चव नाही याला. राहू दे. ती आली की तिची पेजच घेतो.”

वनमालाबाई पुन्हा दिवाणावर येऊन बसल्या. त्या दिवशी जयवंतरावांनी वाटीभर पेज कुरकुर न करता संपवली होती. दुखण्यात पहिल्यांदाच. आणि त्यांच्याकडे न बघता आपण सारा वेळ सुनंदाला शिव्या देत भरवत होतो, हे त्यांना आता आठवलं.

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“बोलू दिलंस?” सुनंदाचा आवाज फाटला. “पाच वर्षं झाली ताई, त्यांच्या फोटोला साधं फूल घालायला नाही मिळालं मला.”

वनमालाबाईंना रडू फुटलं. त्यांनी सुनंदाचा हात धरला आणि अनवाणीच, समोरच्या दारातून, तिला फोटोपाशी घेऊन गेल्या.