डाव्या हाताचा नारळ

माझा धाकटा भाऊ कल्याण माणूस वाईट नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आता सांगत नाही.

भाद्रपदातली एकादशी होती. अध्याय वाचून, मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालून मी नगरच्या सावेडीत त्याच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथं तो आणि त्याच्याकडचा ओंकार मिळून मोबाईलवरचा गेम करतात. 'ऊसगाडी' त्याचं नाव. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींत ऊस ठासून भरलेला, आणि तो फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत न उलटता न्यायचा. एवढंच. पण आमच्याकडचे ड्रायव्हर, तोडीवाले, त्यांच्या बायका, सगळे खेळतात. त्यात वाट सांगणारा आवाज माझा आहे. "हळू घे रे बाबा, पुढं वळण आहे," असं जी म्हणते ती मी.

कल्याणनं बस म्हटलं नाही, कागदच पुढं सरकवला.

"सातवा भाग. घटस्थापनेला सोडायचाय. एवढं वाच, दहा मिनिटांचं काम आहे."

कागदावर होतं, 'ऊसगाडी सात. नवा रस्ता, नवी वळणं, सगळं नवं!'

"कुठला रस्ता?" मी विचारलं.

"नेवाशाकडचा."

"कोण फिरून आलं?"

तो ओंकारकडं बघायला लागला. ओंकार खाली बघायला लागला.

विचारायचं कारण होतं. पहिला भाग केला तेव्हा एक अख्खा हंगाम मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून फिरले होते. कुठं खड्डा, कुठं चढ, कुठल्या पुलावर ट्रॉली झोकांडते, ड्रायव्हर कुठं चहाला थांबतो, सगळं वहीत. मग वर्षभर ओंकारनं ते बनवलं. मग ज्यांचा रस्ता त्यांच्याच हातात देऊन बघितलं, चुका काढल्या. पहिले तीन भाग असे आठ वर्षांत झाले. नंतरचे तीन, तीन वर्षांत. त्यांच्यासाठी मला कुणी मडगार्डवर बसवलं नाही. मीही विचारलं नाही. कागद आला, वाचला, घरी गेले.

"दाखव मला," मी म्हटलं.

"अक्का, तू कधी खेळतेस का? बघून काय करणार?"

"दाखव."

ओंकारनं मोबाईल दिला. गेमची सुरुवात नेहमीसारखी. ड्रायव्हर खाली उतरतो, रस्त्याकडेच्या म्हसोबाला कुंकू लावतो, नारळ फोडतो, मग गाडी चालू. मी बघितलं आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. परत बघितलं.

"हा डाव्या हातानं कुंकू लावतोय."

"काय?" कल्याण म्हणाला.

"नारळ पण डाव्या हातानं. ओंकार, तुझ्या घरी कोण डाव्या हातानं देवाला लावतं?"

ओंकारचा चेहरा उतरला. मग त्यानं सांगितलं. रस्ता नवा नव्हताच. पहिल्या भागातला श्रीगोंद्याकडचा रस्ता त्यांनी आरशात धरल्यासारखा उलटा केला होता. डावं ते उजवं. झाडांना वेगळा रंग, काट्याला वेगळी पाटी. ट्रॅक्टर उजव्या बाजूनं धावायला लागला म्हणून तो तेवढा परत डावीकडं आणला. माणसाच्या हाताकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

"हात सरळ करू की," कल्याण म्हणाला. "दोन तासांचं काम आहे. तू वाच."

"नवा नाही तर नवा कसा म्हणू?"

"आलं तुझं खरं बोलायचं व्रत आडवं!" त्यानं खुर्ची मागं ढकलली. "अक्का, दुसऱ्यांचे गेम बघ. महिन्याला काहीतरी नवं येतंय. आपण तीन वर्षं थांबलो तर लोक नाव विसरतील. दसरा झाला की तोडीच्या टोळ्या निघतात, तिकडं फडात रेंज नसते. त्याच्या आधी फोनात गेलं नाही तर वर्ष गेलं. हे तुला कुणी शिकवायचं?"

"म्हणून दर वर्षी काढायचं का, तयार असो नसो?"

"दर वर्षी! तू रोज तोच अध्याय वाचतेस, तीच आरती म्हणतेस. तुला कंटाळा येतो का? लोकांनाही तेच तेच लागतं."

"मी तो अध्याय उलटा वाचत नाही," मी म्हटलं. "आणि रोज नवा लिहून आणला म्हणून सांगत नाही."

आवाज चढवायचा नाही हा माझा जुना नेम आहे. तो त्या दिवशीही मी मोडला नाही. कल्याणला त्याचाच जास्त राग येतो.

"जा मग," तो म्हणाला. "जा खर्ड्याला, विचार तुझ्या लंकाबाईला. दर वर्षी पाहिजे म्हणाली नाही तर नाव बदलीन."

ओंकारनं तो अर्धा-कच्चा सातवा भाग माझ्या फोनात टाकून दिला. दुसऱ्या दिवशी मी जामखेडची एसटी धरली.

लंकाबाईच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर मी दुसऱ्या भागाचा हंगाम काढला होता. खर्ड्याच्या अलीकडं त्यांची वस्ती. ती दारात कोयत्याला धार लावत बसली होती. मला वाटलं होतं, ही माझ्या बाजूनं बोलेल.

"तीन वर्षांनी?" ती म्हणाली. "तुमचं बरं हाय बाई. नगरात बसून तीन साल वाट बघाया काय जातंय? आमी सा महिने पाचटाच्या कोपीत. दिसभर तोड, मग गाडीवर बसून कारखान्याच्या लायनीत धा-धा तास. तवा ह्योच खेळ असतो. दर साली नवा पायजे म्हंजे पायजे."

कल्याणला नाव बदलावं लागणार नव्हतं.

मग मी फोन तिच्या हातात दिला. म्हसोबा आला, ड्रायव्हर उतरला. लंकाबाईनं फोन जवळ धरला.

"आरं ह्येच्या! डावऱ्या हातानं? कुनाच्या मयतीला निघालाय व्हय ह्यो?" दोन वळणं गेली आणि ती थांबली. "बाई, ह्यो तर पैल्यातलाच रस्ता हाय. उलटा घातलाय. हितं लिंबाचं झाड डावीकडं हुतं."

"हो."

"हो म्हंता? आन् चौथ्यात पाऊस पाडला, पाचव्यात धुकं आनलं, सहाव्यात ट्रॅक्टर लाल केला. रस्ता त्योच. आमाला काय डोळं न्हाईत?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलायचं? तुमीच तर सांगत हुता, नवा रस्ता, नवा रस्ता. आमचं मालक म्हनलं, बाई आपल्या गाडीवर बसून गेल्यात, त्या खोटं न्हाई बोलनार. आपल्यालाच वळखू येईना आसंल." तिनं फोन माझ्या मांडीवर टाकला. "फसवलं कुनी? भावानं? भावाचा आवाज आमी कंदी ऐकला न्हाई."

परत येताना एसटीत मी उपाशीच होते, एकादशी सुटली तरी. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. चौथ्या, पाचव्या, सहाव्या भागाला मला फक्त जाहिरातीचा कागद वाचायला बोलावलं होतं. वळणं सांगायला नाही. रस्ता खरंच नवा असता तर नवी वळणं सांगायला मला बोलावलं नसतं का? हे तीन वर्षं मला कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं? रोज सकाळी देवापुढं हात जोडून मी दुपारी असलं वाचत होते.

कल्याणला मी फोनवर सांगितलं, "मी वाचणार नाही. एक तर त्याला जुना रस्ता म्हणून सोड, नाही तर थांब."

"बरं," तो म्हणाला. एवढ्या सहज म्हणाला की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घटस्थापनेला घट बसवून झाल्यावर ओंकारचा फोन आला. "ताई, तुम्ही एकदा ऑफिसात या."

मी गेले. कल्याण पेढे वाटत होता. गेम सकाळीच सुटला होता. त्यानं स्वतःहून जाहिरात लावली. आवाज माझा होता. "ऊसगाडी सात! नवा रस्ता, नवी वळणं, सगळं नवं. चल रे बाबा!"

"हे मी बोलले नाही."

"कॉम्प्युटर बोलला. सहा भागांतला तुझा आवाज घातला, त्यानं बनवला. ओंकारला दोन दिवस लागले." तो हसला. "तुझं व्रतही राहिलं, माझं कामही झालं. आता दर वर्षी तुला त्रास नाही. वर्षातून दोनदा काढला तरी नाही."

मी पुन्हा लावायला सांगितलं. 'बाबा' म्हणायच्या आधी मी श्वास घेते. ह्या आवाजाला श्वासच नव्हता. पण हे माझ्याशिवाय कुणाला कळणार?

"कल्याण, ते काढ."

"नाही काढत."

"माझा आवाज आहे तो."

"होता," तो म्हणाला. "आता माझ्या कॉम्प्युटरचा आहे. पेढा घे. की उपास आहे?"

मी त्याच्यासमोरच फोन काढला. ज्यांच्या गाड्यांवर मी बसले होते त्या ड्रायव्हरांचा आणि टोळ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मी बोलले. "मी राजेश्वरी. सातव्या भागातला आवाज माझा नाही, मशीनचा आहे. रस्ता नवा नाही, पहिल्याचाच उलटा केलाय. घेऊ नका. चौथा, पाचवा, सहावाही जुनाच होता, आणि तो आवाज मात्र माझाच होता."

कल्याणचा हात पुढं आला, पण संदेश गेला होता.

"डोकं फिरलंय तुझं! चार भाग बुडवलेस!"

"तीन तू मला घेऊन बुडवलेस. सातवा एकट्यानं."

फोन वाजायला लागला. मला वाटलं, लोक आता त्याला जाब विचारतील. पहिलंच उत्तर आलं, 'मंग ह्योबी मशीनचाच आवाज कशावरनं न्हाई?' खाली दुसरं, 'सकाळी म्हंते नवा, दुपारी म्हंते जुना. कंची खरी?' तिसऱ्यानं नुसतं हसणारं तोंड टाकलं होतं.

कल्याणनं वाचलं आणि खुर्चीत बसून मोकळा हसला. "बोल आता. रोज बोल. कोण ऐकतंय बघू."

मी पिशवी उचलली.

"कुठं निघालीस?"

"समोर जाऊन सांगते. समोर मशीन बोलत नाही."

"अक्का, ह्या दारातून ते सांगायला गेलीस तर परत पायरी चढू नको."

मी चप्पल घातली. ओंकार जिन्यापर्यंत आला.

वस्तीवर पोचले तेव्हा चार वाजले होते. लंकाबाईची टोळी दसऱ्याआधीच निघणार होती, कारखान्यानं लवकर बोलावलं होतं. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोपीचे बांबू चढत होते. पंधरा-वीस माणसं असतील. मी ट्रॉलीजवळ उभी राहून सगळं सांगितलं. ग्रुपवर बोलले तेच, त्याच आवाजात. मागच्यांना ऐकू जाईना, तर लंकाबाई एकेक वाक्य मोठ्यानं परत सांगत होती. माझा कबुलीजबाब तिच्या तोंडून ऐकताना मला मान वर करवेना.

"उडवा रं त्यो सातवा," तिचा नवरा म्हणाला. माणसांनी फोन काढले. कुणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग खरा रस्ता कवा?" एकानं विचारलं.

"तीन वर्षं लागतील," मी म्हटलं. "कल्याणशिवाय करायचा तर जास्तच."

"तवर आमी काय बघायचं?"



लंकाबाईनं ट्रॉलीचा मागचा फाळका लावला. "तीन लागू द्या, न्हाई तर पाच," ती म्हणाली. "आमी कळ काढू. पर बाई, तवर तुमचा आवाज आमच्या कानावर नका येऊ देऊ. खरा बी नगं आन् मशीनचा बी नगं."

ती वर चढली. ट्रॅक्टर चालू झाला. मी बाजूला सरले.