मधलं कडवं

अजेयने स्पीकरची तार हिसका देऊन ओढली आणि भिंतीचा चुन्याचा पोपडा शोकेसवर पडला.

“अरे, हळू! स्पीकर न्यायला आलायस की घर पाडायला?” जयवंतीताई स्वयंपाकघरातूनच ओरडल्या.

“सॉरी काकू. कसके बसली होती.” अजेय शोकेसमागे पालथा पडला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते.

“कसके काय? घट्ट म्हणावं. मराठी आईबापांचं पोर ना तू?”

“घट्ट बसली होती,” पाय म्हणाले.

कृष्णराव खुर्चीत पेपर धरून बसले होते आणि पेपराआड हसत होते. स्पीकर त्यांचे होते. दोन लाकडी खोकी, गुडघ्याएवढी, सोबत ॲम्प्लिफायर आणि डेक. इंदूरहून बसने आणताना एक खोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि एक ताईंच्या. त्या खोक्यांना आजवर कुणी हात लावलेला कृष्णरावांना खपला नव्हता. आणि आज हा गृहस्थ स्वतःहून म्हणाला होता, घेऊन जा.

“पण कम्प्युटरला हे धूड जोडायचं कशाला?” ताईंनी हात पुसत विचारलं. “त्याचे स्पीकर असतात की.”

“त्या डबड्या आहेत, काकू. हॉलमध्ये मच्छर गुणगुणल्यासारखं वाटतं. ही तार बघा. ही बारीक पिन कम्प्युटरला, या लाल-पांढऱ्या दोन ॲम्प्लिफायरला. मग बघा कसा दणका देतात.”

“आणि लावणार काय?”

“आहे ना, गणपतीचा प्रोग्राम,” अजेय म्हणाला आणि त्याने कृष्णरावांकडे पाहिलं. कृष्णरावांनी पेपराचं पान उलटलं.

ताईंना तेव्हाच संशय यायला हवा होता. पण आपल्या घरातली वस्तू देवाच्या कामाला जातेय म्हटल्यावर माणूस जरा भोळा होतो. त्यांनी खोकी ओल्या फडक्याने पुसून दिली, वर कुंकवाचं बोटही लावलं.

देवासच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या मराठी माणसांची ती कॉलनी. मंडळाचा गणपती पहिल्यांदा बसला तेव्हापासून आरती जयवंतीताई धरत. कृष्णरावांना कारखाना होता, युनियन होती, रिटायर झाल्यावर मित्रांबरोबर टेकडीवर फिरायला जाणं होतं. ताईंना आरती होती. मूर्तीच्या उजव्या हाताला, खांबाजवळ, ही त्यांची जागा. तिथे झांजा घेऊन त्या उभ्या राहिल्या की हॉल गप्प होई. कॉलनीतल्या निम्म्या बायकामुली त्यांच्याकडून आरत्या शिकल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या त्यांना घाबरून असत. टाळी चुकली की त्या टाळीवर बोलत, शब्द खाल्ला की शब्दावर. मुलं हिंदी शाळांत शिकलेली, देवनागरी वाचतील पण मराठी म्हणताना अडखळतील. त्यांना धाक नको तर काय हवं? यात ताईंना कधी काही वावगं वाटलं नाही.

गणपती बसले त्या संध्याकाळी ताई झांजा घेऊन खांबापाशी गेल्या, तर तिथे टेबल. टेबलावर कम्प्युटर, दोन बाजूंना त्यांचीच खोकी. कुंकवाची बोटंसुद्धा तशीच.

“हे इथे कुणी ठेवलं?”

मंडळाचे सेक्रेटरी चिंतामणी हात जोडून पुढे आले. “ताई, आज तुम्ही काही करायचं नाही. आज फक्त ऐकायचं. सरप्राइज आहे.”

अजेयने माउस हलवला. स्पीकरमधून घूं असा आवाज आला आणि थांबेचना.

“भिया, पिन देख!” कुणीतरी मागून म्हणालं. अजेय टेबलाखाली शिरला, गुलाबी भोकातली पिन काढून त्याने हिरव्या भोकात घातली. आणि मग हॉलभर एक बाई आरती म्हणू लागली. खणखणीत आवाज, ठाशीव शब्द, मागे झांजांचा ठेका. लोक टाळ्या वाजवत त्या आवाजात आवाज मिसळू लागले. ताईंना कळायला अर्धी आरती गेली, की ती बाई म्हणजे त्या स्वतः आहेत.

मागल्या वर्षीची आरती होती. कृष्णरावांनी डेक आणून कॅसेटवर भरून घेतली होती, ती आता कम्प्युटरमध्ये गेली होती.

ताईंच्या हातात झांजा होत्या, त्या वाजवाव्यात की नाहीत हेच त्यांना कळेना. वाजवल्या तर त्या आधीच वाजत होत्या. म्हणावं तर त्या आधीच म्हणत होत्या. गणपतीची झाली, शंकराची झाली. सगळे मधूनमधून कौतुकाने त्यांच्याकडे पाहत होते, लग्नात नवरीच्या आईकडे पाहतात तसे. मग देवीची सुरू झाली. पहिलं कडवं संपलं आणि स्पीकरमधून एकाएकी कडाडलं:

“अगं ए रुचा, ताम्हण सरळ धर! तूप सांडतंय सगळं. वेंधळी कुठची! सासू विचारील, कुणी शिकवलं म्हणून!”

हॉल खो खो हसला. रुचा मूर्तीसमोर ताम्हण धरून उभी होती, मागल्या वर्षीसारखीच. विशीतली पोर, चिंतामणींची पुतणी. कानापर्यंत लाल झाली. तिने ताम्हण सरळच धरलं होतं, तरी आणखी सरळ केलं.

आणि ताई, जित्याजागत्या ताई, सवयीने मधलं कडवं म्हणू लागल्या. मोठ्याने. स्पीकरमधल्या बाई मात्र शेवटच्या कडव्यावर गेल्या होत्या.

“काकू,” रुचाने हळूच कोपर लावलं, “तुमचं चुकतंय.”

“माझं?” ताई थांबल्या. “माझं नाही, तिचं चुकलंय! मधलं कडवं खाल्लंन्!”

शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. आरती शेवटाला गेली, मंत्रपुष्प झालं, प्रसाद वाटला गेला. ताई चिंतामणींना गाठायला गेल्या.

“हे काय लावलंय? कडवं गाळून देवीची आरती करायची?”

“पण ताई, म्हटलंय तुम्हीच ना? तुम्ही म्हटलं तेच आमचं प्रमाण.”

“त्या वेळी ती पोर तूप सांडत होती म्हणून माझं लक्ष गेलं.”

“असू द्या हो. किती वर्षं उभ्यानं गळा फाडायचा? तुम्हाला त्रास नको म्हणून तर हा सगळा जुगाड. आवाज तुमचाच आहे.”

“आणि मी? मी कुठे उभी राहू?”

“कुठेही उभ्या राहा की!” चिंतामणी अगदी प्रेमाने म्हणाले.

घरी आल्यावर ताईंनी कृष्णरावांचं ताट वाढलं आणि वरण इतक्या जोरात ओतलं की ते भातावरून उडालं.

“कॅसेट तुम्ही दिलीत.”

“मीच दिली. म्हटलं, तुला आवडेल. आता कायमची राहशील.”

“कायमची राहायला मी गेलेय कुठे? अहो, जिवंत बाई हॉलमध्ये उभी आहे आणि लोक तिचा आवाज खोक्यातून ऐकतायत. तुमच्या खोक्यातून! मी मेल्यावर करा काय कौतुक करायचं ते.”

“अगं, सगळे खूश होते.”

“तेच तर!” ताई म्हणाल्या. त्या रात्री त्या जेवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण न जाऊन सांगणार कुणाला, की मी रागावलेय? त्या गेल्या आणि मागे भिंतीशी उभ्या राहिल्या. देवीची आरती सुरू झाली. पहिलं कडवं संपत आलं तशी हॉलमध्ये बारीक खसखस पिकली. आणि स्पीकरने ‘अगं ए रुचा’ म्हणताच पाठचे सगळे, बाया, पोरं, कारखान्यातून थेट आलेले दोनतीन बाप्ये, टाळीचा ठेका न चुकवता एका सुरात म्हणाले:

“वेंधळी कुठची!”

जणू आरतीतलीच ओळ. रुचाने ठरल्या जागी ताम्हण सरळ केलं. ताईंच्या अंगाची लाहीलाही झाली. देवापुढे हे काय चाललंय? थट्टा कुणाची, त्या पोरीची की आपली? आणि तो स्पीकरमधला आवाज, इतका कर्कश, इतका वरचढ, तो खरंच आपला?

आरती संपताच त्या अजेयवर जाऊन धडकल्या. “ते काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“काकू, ट्राय केलं मी. कसम से. पण तुम्ही बोलताना झांजा बंदच नाही केल्या. ते काढलं की ताल तुटतो, सगळे गडबडतात. बोलणं आणि वाजवणं एकदम चाललंय तुमचं.” मग त्याला वाटलं, बरं वाटेल म्हणून सांगावं. “आणि पब्लिकला तर तेच जास्त आवडतं.”

तिसऱ्या दिवशी दुपारी, कॉलनी झोपलेली असताना, जयवंतीताई चप्पल घालून हॉलवर निघाल्या. स्पीकर घरचे होते. तार ओढायला कुणाची परवानगी लागत नाही. संध्याकाळी म्हणावं चिंतामणींना, लावा तुमच्या डबड्या आणि ऐका मच्छरांची आरती.

हॉलचं दार लोटलेलं होतं. आतून आरतीचा आवाज येत होता, बारीक करून लावलेला. ताईंनी फटीतून पाहिलं. रुचा एकटीच जमिनीवर बसून दूर्वा निवडत होती आणि स्पीकरमधल्या बाईंबरोबर देवीची आरती म्हणत होती. मोकळ्या गळ्याने. अडखळली की उठायची, कम्प्युटरवर मागे न्यायची, परत म्हणायची. शब्द स्वच्छ होते. हरकती घेत होती, ताईंच्या खास हरकती, ज्या त्यांनी तिला घोटून घोटून शिकवल्या होत्या आणि ज्या तिला एकदाही आल्या नव्हत्या.

‘अगं ए रुचा,’ स्पीकर कडाडला. रुचाने मान किंचित खाली घातली, ओरडा जाऊ दिला, आणि शेवटचं कडवं उचललं.

ताई आत शिरल्या. रुचा दचकून उभी राहिली. मांडीवरच्या दूर्वा सांडल्या.

“इतकी वर्षं माझ्याकडे येत होतीस. एक कडवं कधी धड निघालं नाही तोंडातून. आणि या खोक्याबरोबर बरी म्हणतेस!”

“काकू, रागावू नका ना.”

“मी रागावलेय का?”

रुचा दूर्वा गोळा करायला वाकली आणि खालीच बघत म्हणाली, “हे रोज एकाच जागी रागावतं, काकू. आधी मालूम असतं, आता येणार. मग बाकीच्या वेळी भीती नाही वाटत.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जिन्याची कुठली पायरी मोडकी आहे ते नव्या माणसाला सांगावं, तसं तिने सांगितलं.

हिला मी शिकवलं, हिच्यासाठी घसा कोरडा केला, आणि ही असं सांगते! ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या टेबलामागे गेल्या आणि त्यांनी लाल-पांढऱ्या पिना उपटून काढल्या. स्पीकर एकदा खरखरले आणि बंद पडले. पडद्यावर आरती चालूच होती, नुसत्या रेघा हलत होत्या.

“काकू!” रुचाचा चेहरा उतरला. “मग आज आरती?”

“आज तू धरायचीस.”

“मी?”

“मग कोण, मी? मला तर तुम्ही केव्हाच रिटायर केलंत.” त्यांनी हातातल्या पिना टेबलावर टाकल्या. “मधलं कडवं येतं का?”

“येतं. पण तुमच्यासमोर…”

“म्हण.”

रुचाने ओढणीला हात पुसले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. फार वर धरलं. इतक्या वर कुणी धरतं का? दुसऱ्या ओळीलाच श्वास संपणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. रुचा थांबली. तिचे खांदे आपोआप वर गेले, मान आत गेली. डोळे तिने आणखी घट्ट मिटले आणि ती वाट पाहू लागली.

ताईंच्या ओठांवर ते आलं होतं. अगदी तेच, त्याच चढ्या आवाजात. आणि चूक तर होतीच, ढळढळीत होती, बोलायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी तोंड मिटलं. ते मिटून धरताना त्यांना एवढा राग आला, कुणाचा ते कळेना, की डोळ्यांत पाणी आलं.

“पुढे म्हण,” त्या म्हणाल्या.

रुचाने आधी एकच डोळा उघडला.