चेरीच्या बागेत गेलेलं माझं इंजिन

मला पाहून माणसं आधी हसतात, मग किंमत ऐकतात आणि गप्प होतात. तशी मी दिसायला अगदी साधी गाडी आहे. दोन दारं, पुढे एकच सलग बाक, पायाखाली गालिच्याऐवजी रबर. रेडिओ नाही. रंग म्हणाल तर हॉट डॉगवर पिळतात त्या मोहरीच्या पिवळ्या चटणीचा. प्रदर्शनात माझ्या शेजारी लालभडक, काळ्या पट्ट्यांच्या देखण्या गाड्या उभ्या असतात, आणि तरी भाव माझाच जास्त. असं का, ते सांगायचं तर बर्नीपासून सुरुवात करायला हवी.

१९७० साली डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात मी जन्मले. तेव्हा साध्या गाडीत राक्षसी ताकदीचं इंजिन बसवायची लाटच आली होती. अशा गाड्यांना मसल कार म्हणत. बर्नी, म्हणजे बर्नाडिन वोयतास, त्याच कारखान्यात गाड्यांच्या गाद्या शिवायची. वय बावीस, दंड पैलवानासारखे, जीभ त्याहून तयारीची. कामगारांना गाडी सवलतीत मिळायची, म्हणून तिनं मागणी नोंदवली. फॉर्म भरून घेणारा कारकून चक्रावला.

"सगळ्यात मोठं इंजिन, आणि रेडिओ नको?"

"त्याचं वजन कोण वाहणार? मला शर्यतीत पळायचंय."

"निदान रंग तरी बरा घ्या, बाई. हा कुणी घेत नाही."

"म्हणूनच हवाय. सुटी झाल्यावर चार हजार गाड्यांत शोधत बसायला नको."

मोठं इंजिन घेणाऱ्यांना थाटही हवा असायचा, आणि साधी गाडी घेणारे छोट्या इंजिनावर खूष असायचे. बर्नीसारखी उलटी निवड करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझ्यासारख्या सगळ्या मिळून सोळाच निघाल्या. तेव्हा याचं कुणाला कौतुक नव्हतं. खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

माझी गादी बर्नीनं स्वतः शिवली. आणि दर रविवारी शर्यतीच्या पट्टीवर मला असं पळवलं, की आठवलं तरी माझी चाकं शिवशिवतात. गल्लीतल्याच रूडी बियालेकची लाल गाडी तिनं लागोपाठ तीन रविवार हरवली.

"आज वारा उलटा होता," रूडी म्हणाला.

"तुझ्या एकट्यासाठी वाहत होता का रे?"

सगळे हसले. त्यात मोठ्यानं हसणारा काझ नावाचा फिटर होता. पुढच्या वर्षी तो बर्नीचा नवरा झाला.

मग दिवस पालटले. पेट्रोलची टंचाई आली, पंपावर रांगा लागल्या. मी तर गटागटा पेट्रोल पिणारी. घरात तान्ही मुलगी, आणि कामावर जायला गाडी एकच. एका शनिवारी बर्नीनंच निर्णय घेतला.

"काझ, हिचं इंजिन काढ. छोटं बसव."

"नक्की? तू रडशील."

"रडेन. तू काढ."

ती खरोखरच रडली, फक्त पाठ फिरवून. उत्तरेकडून एक चेरीचा बागायतदार आला. बहराच्या दिवसांत थंडीची लाट आली, की वरची उबदार हवा खाली आणायला बागेत उंच खांबावरचा मोठा पंखा फिरवावा लागतो, नाहीतर दव गोठून मोहर जळतो. तो पंखा फिरवायला त्याला तगडं इंजिन हवं होतं. पैशांशिवाय वर त्यानं चेरींची एक लाकडी पेटी दिली. चेरी आठवड्यात संपल्या. पेटीत काझनं नटबोल्ट भरून ठेवले.

छोट्या इंजिनावर मी चौदा वर्षं बर्नीला कामावर नेलं, मुलीला शाळेत सोडलं. तक्रार केली नाही, पण चढ आला की स्वतःचीच लाज वाटायची. नंतर मला परसातल्या शेडमध्ये ठेवलं आणि माझ्या अंगावर चादर पडली.

चादर निघाली तेव्हा २०११ साल उजाडलं होतं. काझचे गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. घर विकून एका मजल्याच्या लहान घरात जायचं ठरत होतं. तिथं माझ्यासाठी जागा नव्हती. एक दलाल येऊन मला न्याहाळून गेला. त्याला माझा गिअरबॉक्स हवा होता, मागच्या चाकांचा आस हवा होता, बाक हवा होता. उरलेली मी भंगारात. हे सगळं तो माझ्यासमोरच बोलला.

बर्नी हो म्हणणार होती. पण रूडी मध्ये पडला. "थांब गं. माझ्या गाडीची किंमत करायला उद्या हेन्स म्हणून एक जाणकार येतोय. तुझं हे मोहरीचं भांडंही दाखवू. तेवढीच करमणूक."

हेन्सनं रूडीची गाडी पाहिली. इतकी चकचकीत, की आरसा फिका पडावा. त्यानं विचारलं, "रंग कितव्यांदा दिलाय?"

"तिसऱ्यांदा! इंजिनही नवं टाकलंय," रूडी अभिमानानं म्हणाला.

"गाडी सुंदर आहे. पण अशा हजारो निघाल्या होत्या, आणि हिच्यात मूळचं फारसं काही उरलेलं नाही. भाव बरा येईल. बराच."

मग तो शेडमध्ये आला आणि दारातच थबकला. हळूच गुडघ्यांवर बसून त्यानं माझा खरचटलेला रंग पाहिला. बोट लावलं नाही. "हा पहिलाच रंग आहे?"

"पहिलाच. पुन्हा कोण देणार असला रंग?" बर्नी म्हणाली.

"कारखान्याचा काही कागद?"

बर्नीनं गुडघा टेकून मागची गादी उचकटली. स्प्रिंगांमध्ये पिवळी पडलेली घडी होती. गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्याची यादी. "आम्हीच खोचायचो इथं. टाकायला कचऱ्याची टोपली लांब होती ना."

हेन्सनं घडी जपून उलगडली. कागद वाचून त्यानं माझं झाकण उघडलं, आणि त्याचा चेहरा पडला. "मूळ इंजिन कुठंय, बाई? इंजिनावर गाडीचाच आकडा ठोकलेला असतो. तो जुळला तर ही गाडी या गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा महाग आहे. नाही जुळला तर..." त्यानं खांदे उडवले.

काझ नटबोल्टांच्या पेटीवर बसला होता. तो सावकाश उठला, त्यानं पेटी उलटी केली. बोल्ट खणखणत फरशीवर पसरले. पेटीच्या बुडाशी पुसट अक्षरांत त्या बागायतदाराचं नाव-गाव होतं: फेल्डकँप, ट्रॅव्हर्स सिटी.

पुढचं मी पाहिलं नाही, पण काझनं ते इतक्या जणांना सांगितलंय की मला पाठ झालंय. ती दोघं तिथं पोचली, तेव्हा तो बागायतदार वारला होता. बाग त्याची मुलगी हिल्मा पाहत होती. पंखा तिथंच होता, आणि खांबाच्या पायथ्याशी, तेलकट मळाखाली, इंजिनही. बर्नीनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून पुसायला घेतलं. एकेक आकडा वर आला. शेवटचा जुळला तेव्हा ती मातीत बसली आणि या वेळी पाठ न फिरवता रडली.

हिल्मा मात्र बधली नाही. "बाई, तुमचं दुःख कळतं मला. पण पुढच्या महिन्यात मोहर येईल. एक थंड रात्र पंखा बंद राहिला, तर माझं वर्ष गेलं. हे मी देणार नाही."

काझ काही बोलणार, तेवढ्यात बर्नीनं त्याला अडवलं. "बरोबर आहे तिचं." मग हिल्माला म्हणाली, "असंच तगडं दुसरं इंजिन आणून आम्ही बसवून दिलं तर? तुमचा मोहर सुखरूप पार पडला, की मगच आमचं नेऊ."

"आणि नाही चाललं तर?"

"तर माझा नवरा रात्रभर हातानं पंखा फिरवेल."

हिल्माला हसू आलं, आणि ती कबूल झाली.

तगडं इंजिन कुणी दिलं असेल? रूडीनं. गाडीसाठी घेतलेलं एक जादाचं त्याच्या गॅरेजमध्ये पडून होतं. "आयुष्यभर मला हरवलंस, आता भिकेलाही लावतेस," असं कुरकुरत तो स्वतः ते पोचवायला गेला. मे महिन्यात दोनदा कडाक्याची थंडी पडली. रूडीच्या इंजिनानं पंखा फिरवला, बाग वाचली, आणि जूनमध्ये माझं इंजिन ट्रकमधून घरी आलं. काझनं दुखऱ्या गुडघ्यांनी ते महिनाभर खोललं, धुतलं, जोडलं. रंगाला कुणी हात लावला नाही. पहिल्यांदा चालू झालं, तेव्हा गल्लीतल्या तीन गाड्यांचे चोरीच्या इशाऱ्याचे भोंगे आपोआप वाजू लागले. मला जे वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

लिलावात मला मंचावर बर्नीनंच चालवत नेलं. तिथला माणूस "आमचा चालक नेईल" म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटच्या बोलीचा आकडा ऐकून काझनं टोपी काढून तोंडावर धरली. त्या पैशांमुळे घर विकायचं टळलं. खालच्याच मजल्यावर झोपायची खोली बांधली.

आता मी कॅन्ससमध्ये ओडेसा प्रुइट नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंकडे असते. त्या मला काचेमागे ठेवत नाहीत. हवा कोरडी असली की चालवतात. प्रदर्शनात मुलं विचारतात, "हिला नवा रंग का देत नाही?" तेव्हा माझं सांगणं असतं, ते त्यांना ऐकू गेलं तर बरं होईल. तुमच्या घरी जुनी गाडी असली, तर ती चकचकीत करायच्या आधी नीट बघा. गाद्यांखाली हात घाला. तिचं काय काय कुठं गेलंय, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, ती आहेत तोवर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बर्नीचा फोन येतो. ओडेसाबाई मला चालू करतात आणि फोन माझ्या उघड्या झाकणाशी धरतात. पलीकडे बर्नी अर्धा मिनिट इंजिन कान देऊन ऐकते. मग तिचा आवाज येतो, "तिसरा प्लग बदला. आणि तिला सांगा, काझ खालच्या खोलीत निवांत झोपतो."