बान्नाच्या नावाचं मडकं

सोलिमारा दास्यातून सुटली तेव्हा तिची पोर चार वर्षांची होती. सुटली ती एकटी सोलिमारा. पोर सुटली नाही.

टेकडीवरच्या हवेलीचा म्हातारा मालक मरायला टेकला तेव्हा त्यानं साक्षीदारांसमोर काही दासदासींची नावं घेऊन त्यांना मोकळं केलं. सोलिमारानं त्याच्या घरासाठी उभा जन्म लोकर विणली होती, म्हणून तिचं नाव घेतलं. बान्नाचं घ्यायला तो विसरला, की त्याला ते सुचलंच नाही, देव जाणे. आई दासी असताना जन्मलेलं पोर मालकाचं, हा कायदा हवेलीतल्या कोंबड्यांनासुद्धा पाठ होता. सोलिमारा फाटकाबाहेर पडली तेव्हा बान्ना लोकरीच्या ढिगावर झोपलेली होती. मुद्दामच तिनं ती वेळ निवडली. पोर जागी असती तर पाय निघाला नसता.

खाली मोसा नदीच्या काठी कुंभारांची वस्ती होती. तिथल्या आत्तो नावाच्या विधुर कुंभाराशी तिनं लग्न केलं. मधे बोलणी करणारं कुणी नव्हतं. तिनंच सरळ सांगितलं, "माझी एक पोर वर आहे. तिला विकत घेऊन सोडवायचीय. त्यात आपलं आयुष्य जाईल. पटत असेल तर बघा."

आत्तो चाकावर बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "पोर आहे म्हणतेस, मग सोडवायलाच पाहिजे. त्यात मला काय विचारतेस?"

त्या एका वाक्यावर सोलिमारानं त्याच्याबरोबर संसार केला.

आत्तो मडकी घडवायचा, ती टोपीचे जाड झगे विणायची. बाजारातून आलेलं प्रत्येक नाणं आत्तो भट्टीच्या दगडावर वाजवून बघे. खणखणीत वाजलं तर ते बान्नाचं, जमिनीत पुरलेल्या तिच्या नावाच्या मडक्यात जायचं. बद्द वाजलं तर ते मिठाचं, जवाचं, सारा घ्यायला येणाऱ्या माणसाचं. जुन्या सम्राटांची नाणी जाड, हातात घेतली की वजन कळायचं. नवीन यायची त्यांच्यावर सम्राट नवा, आणि चांदी मात्र नावाला. महिनाभर कमरेच्या थैलीत घासली की आतलं तांबं तोंड काढायचं.

"हा कोण आता?" आत्तो एखादं नवं नाणं उजेडात धरून विचारायचा. "मागच्याला मारून हा बसला वाटतं. दाढी तीच दिसतेय."

"दाढी कुणाचीही असू दे, मिठाला चालतंय ना?"

"चालतंय. पण मीठ कमी येतंय."

दुखणं तेच होतं. हवेलीचा कारभारी प्रिमुलस दरवर्षी बान्नाची किंमत वाढवून सांगायचा. सोलिमारा किंमत गाठत आली की किंमत पुढे सरकलेली असायची. प्रिमुलस स्वतः दासच होता, पण म्हाताऱ्यामागे हवेलीच्या मालकीण झालेल्या बाईसाहेबांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. सोलिमारा दिसली की हाक मारायचा, "या, मोकळ्या बाई! आज काय आणलंत? वारा?"

"किंमत एकदा ठरली होती, कारभारी."

"ठरली होती तेव्हा पैशात चांदी होती. आता पैशात काय आहे ते तुझ्या कुंभाराला विचार. आणि पोर वाढली की. तेव्हा नुसती खायची, आता तिच्यासारखी लोकर कुणाला पिंजता येत नाही."

मायलेकींची भेट व्हायची ती तीन आयांच्या देवळात. मांडीवर पोरं आणि फळं घेऊन बसलेल्या त्या तीन दगडी देवींच्या सणाला हवेलीतल्या बायकांना खाली यायची मुभा असे. सोलिमारा मधाची पोळी आणि डुकराच्या चरबीत परतलेली मसूर घेऊन जायची. बान्ना खायची, हसायची, हवेलीतल्या गमती सांगायची. "आई, माझं मडकं किती भरलं गं?" हे मात्र दर खेपेला विचारायची. लहानपणी अगदी गळ्यात पडून विचारायची. मोठी झाल्यावर चेष्टेत विचारू लागली. पुढेपुढे विचारेनाशी झाली.

शेवटी एका शरदात आत्तोनं मडकं उपसलं, नाणी फडक्यात बांधली आणि म्हणाला, "सोले, ऊठ. या खेपेला पुरतंय. आता किंमत वाढवायच्या आत वर जाऊ."

दोघं टेकडी चढून गेली. आत्तोनं दाढी केली होती. सोलिमारानं बान्नासाठी विणलेला निळा झगा खांद्यावर घेतला होता.

प्रिमुलसनं नाणी बघितली, एक-दोन दातांत धरून पाहिली. या वेळी टोमणा मारला नाही. म्हणाला, "पैसे चोख आहेत. पण आत्ता नाही देता येणार."

"का?"

"पोरगी पोटुशी आहे."

सोलिमारा भिंतीला टेकली. बाप कोण हे तिनं विचारलं नाही. तिलाही कधी कुणी विचारलं नव्हतं.

"बाळंतीण आमच्याकडे होऊ दे," आत्तो म्हणाला. "उलट तुमचा खर्च वाचेल."

"कुंभारदादा, तू भला माणूस आहेस, पण कायदा तुला कळत नाही. आई मोकळी, तर पोटातलं मोकळं. आज हिला सोडलं तर बाईसाहेबांचं एक माणूस जातं. ते फुकट का सोडतील? बाळंत होऊ दे. मग या. शब्द देतो, तिची किंमत वाढवणार नाही."

"आणि बाळाची?"

प्रिमुलसनं खांदे उडवले. "ते जन्मेल तेव्हा बघू. अर्धी मरतात."

हिवाळा सरला तेव्हा बान्नाला मुलगी झाली, आणि ती मेली नाही. सोलिमारा पुन्हा वर गेली. कारभाऱ्यानं शब्द पाळला होता. बान्ना त्याच किमतीत मिळत होती. पोर वेगळी. पोरीची किंमत बाईसाहेब दूध सुटल्यावर सांगणार होत्या.

बान्ना पिंजणघरात बाळाला पाजत बसली होती. सोलिमारा तिच्याजवळ टेकली आणि घाईघाईनं बोलू लागली, "हे बघ, तू आज चल. पोरीला इथली कुणीतरी पाजेल, मी बोलते. आपण तिघं राबू. तुझे हात लागले की लवकर पैसे साठतील. दोन वर्षं, फार तर तीन. मग हिलाही..."

"आई."

"तू मोकळी झालीस की पुढचं सोपं आहे, बान्ना. मला एकटीला..."

"आई, तू गेलीस तेव्हा मी जागी होते."

सोलिमारा तिच्याकडे बघू लागली.

"डोळे मिटून पडले होते," बान्ना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं, झोपलेय असं वाटलं तर तू उचलून नेशील. झोपलेल्या पोराला कुणी टाकून जात नाही, असं वाटायचं मला."

"अगं, मी काय करू शकत होते? उचललं असतं तर चोरी झाली असती. मला परत..."

"माहितीय. आता सगळं माहितीय मला. तुझी चूक नव्हती, आई. पण मी हिला ठेवून नाही येणार. तुझे पैसे हिच्यासाठीही साठव. दोघींना ने. नाहीतर राहू दे."

सोलिमारानं बाळाला घेतलं. मऊ, गरम, दुधाचा वास येणारं. नाव विचारलं. बान्नानं सांगितलं, "आम्मा." ते सोलिमाराच्या आईचं नाव होतं. कधीतरी सणात बोलता बोलता तिनं ते सांगितलं असेल.

निघताना ती हलक्या आवाजात म्हणाली, "पैसे आत्तो पुन्हा पुरून ठेवेल. चाकाच्या खोलीत, मडकी सुकवायच्या फळीखाली. आम्हा दोघांचं काही झालं तर खणून घे. तुझे आहेत ते."

"मी कुठून येणार खणायला?" बान्ना हसली.

"येशील. ध्यानात ठेव."

सोलिमारा नाण्यांचं फडकं तसंच घेऊन खाली उतरली. घरी येऊन फळीखालची माती उकरू लागली तेव्हा आत्तो नुसता शेजारी बसला आणि मडक्याचं तोंड मेणानं बंद करून त्यानं तिच्या हातात दिलं.

त्याच उन्हाळ्यात ऱ्हाइन नदीपलीकडच्या फ्रँक टोळ्या लुटायला आल्या. ऱ्हाइनवरच्या चौक्यांतले शिपाई कुठल्याशा नव्या सम्राटासाठी दुसऱ्या सम्राटाशी लढायला गेले होते आणि नदी मोकळी पडली होती. जव कापणीला आला होता. दुपारी गुराखी ओरडत आले आणि वस्ती जशी होती तशी दलदलीतल्या जंगलाकडे पळाली. सोलिमारा मात्र टेकडीकडे धावत सुटली. आत्तोनं तिला गाठलं, कंबरेला धरलं आणि ओढत मागे आणलं. ती त्याला चावली, त्याला ओरबाडत नाही नाही ते बोलली. टेकडीवरून तेव्हाच धूर निघायला लागला होता.

जंगलातून परत आल्यावर ती आधी वर गेली. हवेलीचं छप्पर आत कोसळलं होतं. प्रिमुलस फाटकाशी पडलेला होता, कमरेला किल्ल्या तशाच. पिंजणघरात कुणी नव्हतं. जिवंत नाही, मेलेलंही नाही. सोलिमारानं राख हातांनी चाळली. लोकर पिंजायच्या लोखंडी फण्या सापडल्या, मागाला बांधायची मातीची वजनं सापडली, हाड एकही सापडलं नाही. बायका आणि पोरं पलीकडे नेली, असं एका लपून राहिलेल्या म्हाताऱ्यानं सांगितलं. बांधून नेली. लहान पोरं ज्यांच्या कडेवर होती त्यांना बांधलं नव्हतं.

वस्तीतही काही उरलं नव्हतं. आत्तोचं घर जळालं होतं, पण चाकाच्या खोलीतली जमीन शाबूत होती. गाव सोडून जो तो तटबंदीच्या शहराकडे निघाला होता. आत्तो फावडं घेऊन उभा राहिला.

"सोले, मडकं काढू. शहरात हातात काहीतरी पाहिजे."

"नको."

"आपण खाणार काय?"

"तिला जागा माहितीये," सोलिमारा म्हणाली. "ती सुटून आली तर कुठे येईल? इथेच येईल. हवेली नाही, घर नाही, आपण नाही. निदान ते तरी असू दे."

आत्तो बराच वेळ फावड्यावर भार देऊन उभा होता. त्याची सगळी जिंदगी त्या जमिनीत होती, आणि पोर त्याची नव्हती. मग त्यानं फावड्याच्या पाठीनं माती थापली, वर दोन जळकी लाकडं ओढली आणि म्हणाला, "चल."

शहरात तेव्हा तटाचं काम चाललं होतं. दगड पुरेनात म्हणून जुन्या कबरींचे दगड उपटून भिंतीत घालत होते. आत्तोला तिथे चुना कालवायचं काम मिळालं. रोज कुणाच्या ना कुणाच्या आईबापाचं कोरलेलं तोंड त्याच्या हातून भिंतीत जायचं. संध्याकाळी तो चुन्यानं फुटलेले हात सोलिमारासमोर धरायचा आणि ती त्यांना चरबी लावायची. पैशांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दर वसंतात सोलिमारा चालत वस्तीवर जायची. लाकडं बाजूला करून माती बघायची. आपलं धन चोरीला गेलेलं असावं, अशी प्रार्थना करत जाणारी त्या रस्त्यावर ती एकटीच असेल. खड्डा दिसावा, उकरलेली माती दिसावी, मडक्याची खापरी दिसावी. माती दरवेळी तशीच असायची, वर गवत.

चुन्यानं आत्तोची छाती धरली. एका वसंतात ती परतली तेव्हा तो अंथरुणातून उठू शकत नव्हता. तिचं पाऊल वाजताच त्यानं मान वळवली.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

सोलिमारा त्याच्या उशाशी बसली. "खड्डा आहे," ती म्हणाली. "मडकं नेलंय कुणीतरी. मेणाचा तुकडा तेवढा पडला होता."

आत्तोचे डोळे भरून आले. "तीच. दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? पोर पण असेल बरोबर. चालती झाली असेल आता."

"हो, असेल की."

"शहरात आली तर आपल्याला शोधेल. तू दारात बसत जा." थोड्या वेळानं त्यानं तिचा हात चाचपून धरला. "सोले, तुला खोटं बोलता येत नाही गं."

तिनं हात काढून घेतला नाही. त्यानंही हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

तो गेल्यावर सोलिमारा लोकरीच्या कामावर जगली, आणि गुडघे चालले तोवर वस्तीवर जात राहिली. शेवटची गेली त्या वर्षी वस्तीवर धूर दिसला. धावता येत नव्हतं, तरी ती धावल्यासारखी चालली.

नवी माणसं होती. ओसाड पडलेली जमीन कसायला सरकारनं पलीकडची कुटुंबं आणून वसवली होती. फ्रँकच. आत्तोच्या चाकाच्या खोलीवर त्यांनी लाकडी झोपडी उभारली होती, आणि मडकं जिथे होतं तिथे चूल होती. गोऱ्या वेण्यांची एक बाई चुलीवर जवाची पेज ढवळत होती. तिची पोरं दारातल्या म्हातारीकडे टकमक बघत होती.

त्या बाईला हिची भाषा येत नव्हती, हिला तिची. सोलिमारानं हातांनी दाखवलं, एवढी उंच बाई, कडेवर पोर. तुमच्याकडे नेलेली. बघितलीत का कुठे? "बान्ना," ती म्हणाली. नदीपलीकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाली, "बान्ना. बान्ना."

त्या बाईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. तिनं सोलिमाराच्या छातीवर अलगद हात ठेवला आणि विचारलं, "बान्ना?"

सोलिमारा मान हलवत राहिली. नाही, नाही. पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्या बाईनं तिला हाताला धरून चुलीजवळ बसवलं, वाडग्यात गरम पेज ओतली, वर लोण्याचा गोळा सोडला. पोरांना दटावून बाजूला केलं.

वाडगा तिच्या हातात देत ती बाई समजुतीच्या सुरात काहीतरी म्हणाली. सोलिमाराला त्यातला एकच शब्द कळला. ती तिला बान्ना म्हणून हाक मारत होती.