बशीतला धर्माजी

दहाव्याचा पिंड रेवदंड्याच्या खाडीकाठी मांडून तास उलटला, तरी कावळा शिवेना. एरवी वाळत्या मासळीवर पडीक असणारे कावळे आज सुरूच्या शेंड्यावर शहाण्यासारखे बसून होते.

मानसी बापाच्या पिंडाकडे बघत उभी होती. दहा दिवसांत तिला रडू आलं नव्हतं. काहीच वाटत नाही, याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

भागोजीकाका भावाला वचनांवर वचनं देत होता. "धर्माजी, वयनीला अंतर देणार न्हाय. पोरीचं लगीन लावतो." लग्नाचं ऐकून एक कावळा उडाला, पण उलट्या दिशेला. आजोबांच्या पिंडापुढे याच काकाने दारू सोडली होती. तेव्हा कावळा लगेच शिवला आणि दारू चालूच राहिली.

शेवटी धर्माजीची बायको इंदूबाई म्हणाली, "कसा शिवंल? तो पुरता मेलाय कुठं? जिता हाय तो, हिच्या बशीत."

यात चूक मानसीचीच. नव्या मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत ती मोठ्या माणसांच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून काचेच्या बशीत मेंदूतल्यासारख्या चेतापेशी घडवायची. गेल्या वर्षी धर्माजीने हौसेने कमरेच्या हाडातली मज्जा दिली होती. "घे, मिठागरात राबून हाडंच तेवढी उरलीत," म्हणाला होता. कैक खेपा फसल्या, आणि मग त्याच्याच पेशींना मुळं फुटावीत तसे लांब धागे फुटले, एकमेकांना भिडले. पोरीने हरखून घरी फोन केला, "बाबा, तुम्ही इथे माझ्यासमोर आहात. एक दिवसाआड खायला घालते तुम्हाला!" शिकल्यासवरल्या मुलीने आई ऐकत असताना असं बोलू नये. पुढे धर्माजी झोपेतच गेला. बशीतल्या पेशी मात्र जिवंत होत्या. मानसी घरी आल्यापासून तिची मैत्रीण रुचिता त्यांना पोषक द्रव घालत होती.

"बाय, सोडव त्याला," इंदूबाई म्हणाली. सगळे मानसीकडे बघू लागले.

तिने तिथूनच रुचिताला फोन लावला. "बाबांची बशी टाकून दे."

"वेडी आहेस का? आपल्याकडे गोठवलेला साठाही नाही. संपलं की संपलं."

"टाक. आत्ता."

आवाज इतका सपाट होता, की रुचिताने "बरं" म्हणून फोन ठेवला.

पाच-सात मिनिटांत कावळा आला. त्याला भूक लागली असेल. पण काकाने हात जोडले. "सुटला माझा भाऊस."

परतताना रिक्षात मायलेकी दोघीच होत्या. मानसीच्या फोनवर रुचिताचा निरोप आला: ब्लीच घातलं. झालं. तिने तो वाचला आणि फोन मांडीवर ठेवला. अजूनही काही वाटलं नाही.

चौल नाका आला तशी इंदूबाई तिच्या कानाशी वाकली. "बाय, फोन केल्यासारखं केलंस ते बरं केलंस. कावल्याला बोलायचं ते बोलायचं, त्याला काय कलतंय? खरंच नको हां टाकू." मग जराशी लाजून म्हणाली, "रविवारी मला घेऊन जा. त्याला मी खायला घालते."

मानसीने फोन पालथा केला. "व्हय," म्हणाली. आणि दहा दिवस कुठे दडून बसलेलं रडू तिला तिथे, त्या रिक्षात आलं.

इंदूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नको, बाय. हाय ना अजून तो."