उंबऱ्याजवळचा कोपरा

धाकट्या बहिणीनं दाराच्या चौकटीतला शेवटचा खिळा उपटून डब्यात टाकला, तशी खुर्चीत बसलेल्या आप्पांनी मान डोलावली. पाडकामाच्या मशीनच्या केबिनमधून थोरल्या भावानं ते पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. एका खिळ्याचं एवढं कौतुक.

इमारती पाडायचं काम मुळात त्याचं. सकाळी उभी असलेली दुमजली इमारत संध्याकाळी भुईसपाट, आणि दहा ट्रक राडारोडा कचरा डेपोवर रवाना. वर्षापूर्वी धाकटी त्याच्या हाताखाली आली काय आणि सगळी रीतच बदलली. दारं वेगळी, लोखंड वेगळं, विटा चुना खरवडून रचलेल्या. आता डेपोवर जेमतेम दोन ट्रक जात. बांधकामवाले येत ते त्याला ओलांडून, "ताई कुठं आहेत?" विचारत. तेही त्यानं गिळलं असतं. पण आप्पांचं काय करायचं?

आप्पा म्हणजे दोघांचे वडील, गवंडी. आता पाडायला घेतलेली ही शाळा त्यांनीच बांधलेली, चाळीस वर्षांपूर्वी. आठवडाभर ते रोज इथं येऊन बसत आणि धाकटीशी कुजबुजत. तो जवळ गेला की दोघं गप्प. त्याच्या कामाला आप्पांनी जन्मात कधी 'बरं झालं' म्हटलं नव्हतं. पोटात दुखायचंच.

आज जेवायच्या सुट्टीतही तेच.

"सापडली का गं?"

"नाही अजून. उंबऱ्याजवळचा कोपरा तेवढा राहिलाय. जेवून काढते, हातानंच."

"काय सापडायचंय?" त्यानं विचारलं.

"काही नाही रे दादा. काम झालं की सांगू."

काम झालं की सांगू. म्हणजे तो परका.

दोघं नळावर हात धुवायला गेली तसा तो मशीनवर चढला. कोपरा दोन मिनिटांत खाली आला. निम्मा ढिगारा त्यानं उचलून समोरच्या ट्रकात ओतलासुद्धा, तेव्हा कुठं धाकटी ओरडत धावत आली. त्यानं मशीन बंद केलं. बरं वाटलं त्याला, अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

आप्पा काठी विसरून आले. ढिगाऱ्याशी वाकून त्यांनी अर्धी वीट उचलली, अंगठ्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. विटेत तीन बोटं उमटली होती, इतकुशी.

"दीड वर्षाचा होतास," आप्पा म्हणाले. "माझं पहिलं काम होतं हे. कच्च्या विटेवर तुझा पंजा उठवला, भाजून घेतली आणि इथं लावली, सगळ्यात आधी."

"तू बांधतोयस त्या नव्या घराला लावायची होती," धाकटी म्हणाली. "अख्खी निघावी म्हणून आठ दिवस हातानं काढतेय मी."

थोरला विटेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाकीची बोटं?"

ट्रक फाटकाकडे निघाला होता. थोरला धावत जाऊन पुढं उभा राहिला, पंजा वर करून.

"खाली ओत सगळं," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"इथंच? मग मशीन आणा की इकडं."

"मशीन नको."

ढिगाऱ्याशी तो गुडघे टेकून बसला. धाकटीनं आपले हातमोजे काढून त्याच्या पुढ्यात टाकले. ते त्याला होत नव्हते, तरी त्यानं ओढून चढवले.