भाड्याच्या भिंतीवरचं नाव

हमदुल्ला चाचा मुंबईच्या बोटीतून उतरले ते बगलेत कागदाची गुंडाळी घेऊनच. दुबईच्या बर दुबई मोहल्ल्यात लियाकतच्या दोन खोल्यांत येऊन त्यांनी चहा घेतला, घाम पुसला आणि चटईवर ती गुंडाळी उलगडली. गावच्या नव्या घराच्या दिवाणखान्याचं ते चित्र होतं. छताला प्लास्टरचं कमळ, चारी भिंतींना वेलबुट्टी, दारावर महिरप. महिरपीत उठावाच्या अक्षरांत तीन भावांची नावं. अहमद, लियाकत, रफिक.

"असा दिवाणखाना अख्ख्या खाडीकाठी कुणाचा नसेल," चाचा म्हणाले. "अहमद म्हणतो, प्लास्टरचे सहाशे दुबईहून यायला हवेत. मी परत जाईन तेव्हा माझ्याकडेच द्या."

तेव्हा दुबईत रुपयाच चालायचा, नोटेचा रंग तेवढा निराळा. लियाकत धक्क्यावर गोण्या मोजून घ्यायचा. भाडं, किराणा आणि गाढवावरून येणारं गोडं पाणी यांतच त्याचा पगार संपायचा. सहाशे होते, पण ते त्याच्या बायकोच्या, शहरबानूच्या डब्यात होते. कापडवाल्यांच्या गल्लीतल्या दुकानांसाठी मशीन चालवून, पाय सुजवून तिने ते साठवले होते. चाचांना हे ठाऊक होतं, अहमदभाईंनाही. तरी चाचा 'दुबईहून' म्हणाले, 'शहरबानूकडून' म्हणाले नाहीत. बाईचा पैसा घरात शिरला की त्याचा धनी बदलतो. वर ती बाईच चहा करून आणते, आणि चहात साखर कमी म्हणून ऐकूनही घेते.

शहरबानू पडद्याआडून चित्र बघत होती. तिने विचारलं, "चाचा, त्या दिवाणखान्यात मी बसणार का?"

चाचा हसले. "बायका माजघरात बसतात, बेटा. दिवाणखाना मर्दांचा."

"मग माझे सहाशे तिथे बसून काय करणार?"

लियाकतचे कान लाल झाले. चाचांनी गुंडाळी आवरली आणि जाता जाता त्याला म्हणाले, "हिला दुबईची हवा लागली."

हवा कुठली! आतल्या खोलीला धड झरोकाही नव्हता. समुद्री दगडाची जुनी भिंत, तिच्यातून मीठ फुटायचं, गिलाव्याचे पोपडे पडायचे. मसाल्याचा डबा उघडायचा तर आधी हात आडवा धरावा लागे. शहरबानू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मशीनवर बसायची ती त्याच भिंतीकडे तोंड करून. ईदला घरमालकाच्या बायकांकडे गेली होती तेव्हा तिथली भिंत तिने पाहिली होती. पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली चांदण्यांची नक्षी, वर जाळी, जाळीतून येणारा उजेड आणि वारा. तेव्हापासून ती भिंत तिच्या डोक्यात बसली होती.

"आपली ही भिंत करायची," चाचा गेल्यावर ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" लियाकत ओरडला. "भाड्याच्या भिंतीवर पैसा? उद्या मालक निघा म्हणाला तर?"

"तर भिंत इथे राहील. तुमच्या गावच्या भिंतीही गावातच राहणारेत, त्या काय आपल्याबरोबर बोटीत बसतात? तिथे आपण पाहुण्यासारखे जातो. जगते मी इथे."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते बसून म्हणा म्हणावं. चटई घालते."

मालकाने नुसते खांदे उडवले. भिंत त्याची, पैसा दुसऱ्याचा, त्याचं काय जात होतं? त्याच्याच घरची नक्षी कोरणारा उस्ताद जमाल आला. इराणच्या किनाऱ्याकडचा माणूस, बोलायला गोड, भाव सांगायला तिखट. त्याने भिंतीवरून हात फिरवला. "बीबी, तीन पॅनल, ऊपर जाली. पांचसौ. खलास."

"खलास कसलं? अजून सुरू कुठे झालंय?"

मग तिने भिंत बेतायला घेतली, कापड बेतावं तशी. खाली ओल चढते, तिथे नक्षी टिकणार नाही. तिथे साधा जाड गिलावा. डावीकडे ट्रंका, ट्रंकांमागे कोण बघतंय? गिलाव्याचा एक हात पुरे. उजवीकडे कपड्यांची दोरी, तिथेही तेच. नक्षी फक्त मशीनसमोर, बसल्या जागेवरून नजर जाते तिथे. एकच पॅनल. आणि वर जाळी हवीच, वारा तिथूनच येणार.

"आणि पाणी गोडंच वापरायचं," तिने बजावलं. "विहिरीचं खारं नाही. बाहेरची भिंत मालकाने खाऱ्यात केली, वर्षात फुगली. पाण्याचे डबे मी देते, त्याचे दहा रुपये माझ्याकडे. तुझे दोनशे चाळीस."

जमालने कपाळावर हात मारला. "बीबी, तुम तो बनिया है!"

"नहीं, दर्जी हूँ. वीतभर कापड वाया जाऊ देत नाही."

काम लागलं. ओला गिलावा घट्ट होत आला की जमाल सुरीने चांदण्या कापायचा. खोलीभर पांढरी धूळ, चपातीवर धूळ, लियाकतच्या मिशीवर धूळ. मधला गोल तेवढा राहिला. अशा गोलात घरधन्याचं नाव घालायची इथली रीत.

"यहाँ सेठ का नाम?" जमालने विचारलं.

लियाकतने नकळत सदऱ्याची कॉलर सरळ केली. शहरबानूने कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, शहरबानू. मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकली होती. स्वतःच्या हाताने लिहिता येणारी तिची ती एकच लिपी. जमालला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. वेल समजून त्याने ते हुबेहूब कोरलं.

शुक्रवारी चाचा पैसे न्यायला आले. गावची आणखी दोघं-तिघं होती. शहरबानूने मधला पडदा मुद्दाम बांधून ठेवला होता. चाचांनी आत पाहिलं, अक्षरं लावली आणि तिथेच थबकले.

"बाईचं नाव? भिंतीवर? लियाकत, अजून ओलं असेल, खरवडून टाक!"

लियाकत उठला. भिंतीपाशी गेला. बोट लावून बघितलं.

"खरवडा," शहरबानू म्हणाली. "पण आधी महिरपीतली तिन्ही नावं पुसा. ती तर अजून कागदावर आहेत, रबराने जातील. माझ्या नावाला सुरी लागेल."

लियाकतने बोटाला लागलेली पांढरी धूळ लुंगीला पुसली आणि खाली बसला.

तिने चाचांपुढे नोटा ठेवल्या. "साडेतीनशे आहेत. सासूबाईंच्या खोलीला पक्का गिलावा करा, न्हाणीला फरशी घाला. कमळाला एक पै नाही."

"नक्षीशिवाय दिवाणखाना? अहमदने गावभर सांगून ठेवलंय!"

"सांगितलं त्यांनी, तर कमवावंही त्यांनीच."

चाचांनी नोटा खिशात घातल्या, चहा मात्र घेतला नाही. पैशाला विटाळ नव्हता, चहाला होता.

पुढच्या शुक्रवारी धक्क्यावरचा एक नवा माणूस लियाकतकडे आला. पडदा बांधलेलाच होता. तो आत डोकावून म्हणाला, "वा, काय काम आहे! मालकाने करून दिलं वाटतं?"

"हो, हो," लियाकत घाईने म्हणाला, "मालकाचंच ते..."

आतली मशीन थांबली.

"मी केलंय," शहरबानू म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "अडीचशे पडले. पाण्यासकट."

आणि मशीन पुन्हा सुरू झाली.